नवसाला पावणारे दैवत आणि माणसाचे मन

वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता, अशी परंपरा आहे. मे १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि पुढे देवीचे मंदिर उभे राहिले. आज विरारला जीवदानीच्या तेराशेहून अधिक पायऱ्या चढणाऱ्या भाविकांतही नवस फेडणारे असतात. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाच्या आकृती वाहणाऱ्यांत तर सर्व धर्मांचे लोक दिसतात. दैवते निराळी, पण व्यवहार एकच. बोधनविज्ञान, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स, या साम्याचे मूळ धर्मग्रंथांत न शोधता मनाच्या नित्याच्या कामकाजात शोधते.

झाडीत पाने सळसळली असता वाऱ्याला वाघ समजणे स्वस्तात पडते. वाघाला वारा समजणे जिवावर बेतते. म्हणूनच घटनेमागे कोणी कर्ता असावा असे गृहीत धरण्याकडे मनाचा कल असतो, असे मानववंशशास्त्रज्ञ स्टुअर्ट गथ्री यांचे प्रतिपादन आहे. कर्ता मानला की त्याला हेतू, राग, लोभही आलेच. 'मला अमुक दे, मी तमुक करीन' हा नवस म्हणजे अशा कर्त्याशी केलेला करारच.

जस्टिन बॅरेट आणि फ्रँक कील यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. देव एकाच वेळी सर्वत्र असतो, असे सांगणारी माणसे गोष्ट आठवून सांगताना मात्र देवाला एक काम आटोपून दुसऱ्याकडे वळवत. पुढे बॅरेट यांना भारतातील हिंदूंमध्येही असेच आढळले. ब्रह्म निर्गुण मानणारा भक्तही गाऱ्हाणे घालतो ते ऐकणाऱ्या देवापुढेच!

श्रद्धा टिकते कशी? पास्कल बॉयर यांच्या मते, एखाददुसऱ्या बाबतीतच नेहमीच्या समजुतीला धक्का देणारी कल्पना स्मरणात राहते. ऐकणारा दगड विसरला जात नाही. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी २००३ मध्ये एकोणिसाव्या शतकातील ८३ अमेरिकी वसाहतींचा अभ्यास मांडला. धार्मिक वसाहतींत निर्बंध जितके कडक, तितके त्यांचे आयुष्य अधिक; निधर्मी वसाहतींत हा संबंध दिसला नाही. कष्टाचे आचरण निष्ठेची खात्री पटवते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. पायऱ्यांची चढण त्या दृष्टीने निरर्थक नाही.

तरीही अमुकच देव का, हे केवळ मनाच्या रचनेवरून सांगता येत नाही. सोपाऱ्याला स्तूप, वसईत चर्च आणि विरारला देवी का, याचे उत्तर इतिहासाकडेच मागावे लागते. देव आहे की नाही, हा तर या शास्त्राचा प्रश्नच नव्हे. बॅरेट स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत.