आकृती बहुतेकांची, प्रत्येकाची नव्हे

सांगली जिल्ह्यात मिरजेला १९६२ साली आणि सातारा जिल्ह्यात कराडला १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील विद्यार्थी शरीररचना शिकतात ती नुसत्या पुस्तकातून नव्हे, मृतदेहाच्या विच्छेदनातून. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यामुळे व देहदानामुळे हे शक्य होते. पण आकृत्या असताना विच्छेदन कशाला?

सायटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू. आकृतीत तो कुल्ल्यातील पिरिफॉर्मिस स्नायूखालून पायाकडे उतरतो. १९३८ साली अमेरिकेत बीटन व ॲन्सन यांनी २४० नमुने तपासले. २१६ आकृतीप्रमाणे निघाले; १७ नमुन्यांत मात्र तंतूची एक शाखा स्नायूतूनच आरपार गेली होती. स्नायू तंतूला आवळत असेल, म्हणून सायटिका होत असेल, असा तर्क पुढे आला.

तर्क पटण्याजोगा होता. पण २०१० साली सहा हजारांहून अधिक विच्छेदनांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा वेगळी रचना सुमारे १७ टक्के आढळली. या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांतही प्रमाण १६ टक्केच! म्हणजे वेगळेपणा हा आजार नव्हे.

वर्गात आकृती काढताना एवढे जरूर सांगावे.