गांधीजींचा अपवाद आणि शिवणयंत्राचा इतिहास

१९२४ साली एकवीस दिवसांचे उपोषण संपवून गांधीजी दिल्लीत विश्रांती घेत असताना शांतिनिकेतनचा रामचंद्रन नावाचा एक विद्यार्थी त्यांना भेटला. आपण सर्वच यंत्रांच्या विरोधात आहात काय, असे त्याने विचारले. महादेवभाई देसाईंनी टिपून ठेवलेला हा संवाद त्याच वर्षी 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाला आणि पुढे 'हिंद स्वराज'च्या प्रस्तावनेतही आला. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा की शरीर हेच एक यंत्र आहे, चरखाही यंत्रच आहे. विरोध आहे तो यंत्राच्या हव्यासाला. मग त्यांनी एक अपवाद सांगितला. तो म्हणजे सिंगरचे शिवणयंत्र. शिवता शिवता थकणारी पत्नी सिंगरने पाहिली आणि केवळ तिच्यावरील प्रेमापोटी हे यंत्र निर्माण केले, असा गांधीजींचा समज होता.

'हिंद स्वराज' वर्गात शिकवताना हा उतारा बहुधा गांधीविचाराच्या लवचीकपणाचा पुरावा म्हणून वाचला जातो. आमच्या मते तो एक कथा म्हणून वाचला पाहिजे, आणि त्या कथेचा खरेखोटेपणा तपासला पाहिजे. आम्ही वाङ्मयाचे वाचक. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एखादा विचार जेव्हा एका वस्तूच्या आधाराने उभा राहतो, तेव्हा त्या वस्तूची चौकशी टाळता येत नाही.

प्रथम कथा. आयझॅक सिंगर हा मूळचा फिरता नट. लाकडी टाइप कोरण्याचे एक यंत्र विकावे म्हणून तो बोस्टनला आला. ऑर्सन फेल्प्स याच्या कारखान्यात तेव्हा दुसऱ्याच कुणाची सदोष शिवणयंत्रे दुरुस्तीला येत. १८५० साली सिंगरने त्यांतले दोष हेरले आणि अकरा दिवसांत नवी रचना उभी केली. त्याची प्रेरणा नफ्याची होती आणि ती त्याने लपवलीही नाही. कौटुंबिक आयुष्याविषयी बोलायचे तर अनेक स्त्रियांपासून त्याला चोवीस अपत्ये झाली; पत्नीप्रेमाचा आदर्श म्हणून त्याचे नाव घेणे अवघडच. पत्नीला रात्री शिवताना पाहून यंत्र सुचल्याची गोष्ट सांगितली जाते ती एलिअस हाउ याच्याविषयी. आजारी पतीचा संसार चालवण्यासाठी त्याची पत्नी मजुरीवर शिवत असे आणि तो खाटेवरून तिच्या हाताची हालचाल न्याहाळत असे. म्हणजे गोष्ट एकाची आणि नाव दुसऱ्याचे. असे का व्हावे, हे समजणे कठीण नाही. हिंदुस्थानात शिवणयंत्र म्हणजे सिंगर असेच समीकरण होते. नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी त्या कंपनीचा येथील व्यवहार दीर्घकाळ सांभाळला आणि बाजारपेठ वाढवली. वस्तूवर कोरलेल्या नावाकडे कथा ओढली गेली.

नावाची ही अदलाबदल आम्हांला फारशी महत्त्वाची वाटत नाही. त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. एका माणसाने एका स्त्रीसाठी हे यंत्र केले, ही कल्पनाच यंत्राच्या घडणीशी जुळते काय? त्यासाठी आज शिलाईच्या कारखान्यात असते तसे एक यंत्र लावून पाहू.

टेबलाच्या खाचेत यंत्राचे डोके बसवलेले असते, त्याखाली तेलाचे ताट. ताटातील तेल वरच्या आणि खालच्या खुणांच्या मध्ये असल्याखेरीज यंत्र चालू करायचे नाही, हा पहिला नियम. मोटर बंद ठेवून सुई बसवतात. तिची लांब खाच डावीकडे आणि आखूड खोलगट बाजू उजवीकडे, म्हणजे आतल्या हूकाकडे. सुई वरपर्यंत सारून मग स्क्रू आवळायचा. किंचित खाली राहिली तरी टाके सुटतात. या सुईचे छिद्र टोकाशी आहे. हाताच्या सुईचे छिद्र मागच्या टोकाला असते आणि संपूर्ण सुई कापडातून आरपार जाते. यंत्राची सुई फक्त टोक बुडवून परत येते. हा विचार १८३४च्या सुमारास न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने केला, पण पेटंट घेतले नाही. १८४६च्या १० सप्टेंबरला ते हाउला मिळाले.

पुढे दोरा. रिळावरून येणारा दोरा ताणाच्या चकत्यांमधून, वरखाली होणाऱ्या दांडीच्या छिद्रातून सुईपर्यंत आणून तो डावीकडून उजवीकडे ओवतात. खालचा दोरा बॉबीनवर भरून बॉबीन केसमध्ये ठेवतात. दोऱ्याचे टोक धरून केस लोंबती सोडली आणि हात किंचित हलवला की ती थोडी खाली सरकून थांबावी. सरसर घसरली तर ताण कमी, जागची हललीच नाही तर जास्त. मग हातचाक आपल्याकडे फिरवून खालचा दोरा वर घेतात, दोन्ही दोरे पायाखालून मागे सोडतात आणि पाय कापडावर टेकवतात. सुई खाली जाऊन वर येऊ लागली की दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. हूक तो फास पकडून बॉबीनभोवती फिरवतो. दांडी वर जाताना तो ओढून घेते आणि दोन दोऱ्यांची अढी कापडाच्या जाडीत मधोमध बसते. वरचा ताण सैल असेल तर फास खालच्या बाजूला दिसतात, खालचा सैल असेल तर वर. चांगल्या टाक्यात दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

या प्रत्येक भागाला स्वतंत्र जन्मतारीख आहे. दोन दोऱ्यांची अढी हंट आणि हाउची. पण हाउच्या यंत्रात वाकडी सुई आडवी चाले आणि कापड टाचण्यांवर उभे टांगावे लागे. पट्टी संपली की पुन्हा टांगायचे. उभी सरळ सुई, आडवा पाट आणि कापड दाबून धरणारा पाय यांची सांगड सिंगरने घातली; पेटंटची तारीख १२ ऑगस्ट १८५१. त्याच दिवशी ॲलन विल्सनला गोल फिरणाऱ्या हूकाचे पेटंट मिळाले. पाटातून वर येऊन कापड पुढे सरकवणारे, मग खाली जाऊन मागे येणारे दातेही विल्सनचेच, १८५४चे. एकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात अपरिहार्य झाला तेव्हा सगळे एकमेकांविरुद्ध न्यायालयात गेले. १८५४ साली हाउने सिंगरला हरवले, आणि १८५६ साली प्रमुख उत्पादकांनी आपली पेटंटे एकत्र करून प्रत्येक यंत्रावर शुल्क बसवले. ही व्यवस्था १८७७पर्यंत टिकली. तात्पर्य, या यंत्राला एक कर्ता नाही. वाङ्मयात ज्याला आपण अनेकहस्त संहिता म्हणतो, तशी ही वस्तू आहे. कर्त्याची कथा तिला मागाहून चिकटली.

दुसरी एक समजूतही येथे तपासली पाहिजे. शिवणयंत्र मूळचे घरातले, आणि पुढे उद्योगाने ते पळवले, असे आपण गृहीत धरतो. इतिहासक्रम उलटा आहे. फ्रेंच शिंपी बार्थेलमी थिमोनिए याने १८३० साली साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि लगेच पॅरिसमध्ये ऐंशी यंत्रांचा कारखाना उभा राहिला, तो सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी. १८३१च्या जानेवारीत शिंप्यांच्या जमावाने तो मोडून टाकला. थिमोनिए १८५७ साली दारिद्र्यात वारला. सिंगरची पहिली यंत्रेही जड आणि महाग, कारखान्यांसाठीच केलेली. घरगुती यंत्र १८५६मध्ये आले, आणि त्याच वर्षी सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्यांवर विक्री सुरू केली. म्हणजे गांधीजींनी अपवाद केला ते घरातले यंत्र हे कारखान्यातल्या यंत्राचे धाकटे भावंड होय.

यंत्रापूर्वीची स्थिती सुखाची होती असेही नाही. टॉमस हूडची शर्ट शिवणाऱ्या स्त्रीवरील प्रसिद्ध कविता १८४३ची, 'पंच' साप्ताहिकातली. हाउच्या पेटंटच्या तीन वर्षे आधीची. तिच्यातील स्त्रीला मारते आहे ती नगावर मिळणारी मजुरी. हातातली सुई तर नामदेवांच्याही हाती होती. गुरु ग्रंथसाहिबातील त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही सारी शिंप्याची आयुधे भक्तीची रूपके होऊन येतात. तेच हत्यार एका ठिकाणी नामस्मरणाचे साधन होते आणि दुसऱ्या ठिकाणी मरणाचे. फरक कामाच्या करारात आहे.

यंत्राने वेळ वाचवला, हे निर्विवाद. व्हीलर अँड विल्सन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार पुरुषाचा शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागत, यंत्राने १ तास १६ मिनिटे. आकडे विक्रेत्याचे आहेत, हे ध्यानात ठेवूनही अंतर मोठे आहे. मग वाचलेले तेरा तास कुणाचे झाले? घरात स्वतःच्या मुलांचे कपडे शिवणारीचे ते तिचे झाले असतील. नगावर शिवणारीचा दर उतरला, आणि त्याच तासांत तिला अधिक शर्ट शिवावे लागले. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (१८६७) वस्त्रोद्योगातील निर्णायक क्रांतिकारक यंत्र म्हणून शिवणयंत्राचाच उल्लेख केला आहे, आणि त्यावर काम करणाऱ्या मुली आणि तरुण स्त्रिया आहेत हेही नोंदवले आहे. एकाच वस्तूकडे मार्क्स आणि गांधी पाहतात; एकाला मजुरांची रांग दिसते, दुसऱ्याला एक दमलेली पत्नी. दोघांनाही दिसलेले खरे आहे, कारण टाका तोच असला तरी बैठक निराळी आहे.

ही बैठक म्हणजे काय, ते पायाशी पाहावे. घरच्या यंत्राला गती शिवणारीच्या पायाची. ती थांबली की यंत्र थांबते. कारखान्यात गती बाहेरून येते. जुन्या क्लच मोटरमध्ये मोटर अखंड फिरत असते. पायटा दाबला की ती गती यंत्राला जोडली जाते, एवढेच. बोस्टनच्या प्रात्यक्षिकात हाउचे यंत्र मिनिटाला २५० टाके घालत होते. आजचे कारखान्याचे यंत्र सुमारे ५००० घालते, आणि प्रत्येक टाक्याला हूक दोनदा फिरतो. तेलाच्या ताटाची गरज यातूनच निर्माण होते. म्हणून नव्या मुलीला आधी दोरा न ओवता कागदावर रेघेवरून यंत्र चालवायला शिकवतात. तिने शिकायचे असते ते मुख्यतः थांबणे.

१९११च्या मार्च महिन्यात या यंत्राच्या इतिहासातील दोन घटना चार दिवसांच्या अंतराने घडल्या. २१ मार्चला स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे, सिंगरच्या प्रचंड कारखान्यात, पॉलिश करणाऱ्या मोजक्या स्त्रियांवर अधिक जणींचे काम लादले गेले. त्यांनी काम थांबवले आणि पाहता पाहता सुमारे अकरा हजार कामगार बाहेर पडले. संप १० एप्रिलला मोडला. पुढे शेकडो लोकांना कामावरून काढले गेले. २५ मार्चला न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीला आग लागली. नवव्या मजल्यावर सुमारे २४० यंत्रे लांब टेबलांवर ओळीने होती आणि टेबलांखालून जाणाऱ्या एकाच दांड्यावर ती फिरत. टेबलांच्या दाटीतून वाट काढणे अवघड, आणि जिन्याचे एक दार कुलूपबंद. १४६ माणसे मेली; त्यांत १२३ स्त्रिया. दीडच वर्षापूर्वी, नोव्हेंबर १९०९मध्ये, क्लारा लेमलिच या तरुण कामगार स्त्रीने यिडिश भाषेत केलेल्या आवाहनावरून याच धंद्यातील हजारो मुली संपावर गेल्या होत्या. सुई, दोरा आणि वीज यांचे पैसे मजुरीतून कापले जात, ही त्यांच्या तक्रारींपैकी एक. डिसेंबर १९११मध्ये ट्रँगलचे मालक निर्दोष सुटले.

याच काळात पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात (१९०९) विधवा आणि गरजू स्त्रियांना शिवणकाम शिकवले जात होते. त्यांच्यापैकी कित्येकींना या कामाने स्वतःच्या पायावर उभे केले. हेही तितकेच खरे. गांधीजींच्या अपवादाला खरा आधार मिळतो तो येथे. सिंगरच्या संसारात तो नाही.

आता रामचंद्रनकडे परत येऊ. गांधीजींचा अपवाद ऐकून तो विद्यार्थी गप्प बसला नाही. त्याने विचारले, की मग ही यंत्रे बनवायला कारखाना लागेल आणि त्यात वीज-वाफेवर चालणारी नेहमीचीच यंत्रे असतील, त्याचे काय? गांधीजींनी ते मान्य केले आणि असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा नियंत्रणाखाली असावेत, असे उत्तर दिले. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न क्लाइडबँकचा प्रश्न होता. त्याला ते ठाऊक असो वा नसो. पण ट्रँगलचा प्रश्न त्याने विचारला नाही आणि गांधीजींनीही उपस्थित केला नाही. यंत्र कोण बनवतो याची चर्चा झाली. दोनशेचाळीस यंत्रे एका दांड्यावर जोडली जातात तेव्हा शिवणारीचे काय होते, याची राहून गेली. २०१३च्या २४ एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११३४ माणसे मेली. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी त्यांना यंत्रांवर बसवले गेले.

गांधीजींची कथा चुकीची ठरली म्हणून त्यांची कसोटी चुकीची ठरते, असे आम्हांला वाटत नाही. यंत्र माणसाचे श्रम वाचवण्यासाठी आहे की त्याची हाव भागवण्यासाठी, हे पाहा, असे ते सांगत होते. अडचण एवढीच, की ही कसोटी वस्तूला लावता येत नाही. लोखंडी डोके, सुई, हूक, दाते यांवरून काहीच कळत नाही. ती घरात आणि कारखान्यात जवळजवळ सारखीच असतात. कसोटी लावायची ती पायट्यावरचा पाय केव्हा उचलायचा, हे कोण ठरवते, याला. 'हिंद स्वराज' शिकवताना हा उतारा आला, तर प्रेमळ पतीच्या गोष्टीबरोबर हा प्रश्नही वर्गात मांडावा, एवढीच आमची सूचना.