ट्रॅक्टरच्या पाठीमागचें फिरतें पातें

शेतीच्या यंत्रांचा इतिहास सांगतांना बहुधा अश्वशक्तीचे आणि एकरांचे आंकडे पुढें केले जातात. परंतु या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. ती मनुष्याच्या जखमांची व त्या जखमांतून निपजलेल्या नियमांची. ट्रॅक्टरच्या मागें जोडून गवत व झुडपें छाटणारें जें यंत्र 'रोटरी कटर' या नांवानें ओळखलें जातें, त्याच्या देखभालीचा प्रत्येक नियम याच बाजूची साक्ष देतो.

आरंभीं ट्रॅक्टर हा केवळ ओढणारा प्राणी होता. मागच्या यंत्राचे दांते फिरावयाचे ते त्या यंत्राच्याच चाकानें. आणि जमीन ओली झाली कीं चाक घसरे व कापणी थांबे. फ्रान्समध्यें गूजी नांवाच्या एका कारागिरानें ट्रॅक्टरच्या इंजिनाची गति दांड्यानें थेट मागच्या यंत्रास देण्याची युक्ति काढली होती. अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीचे अभियंते एडवर्ड जॉन्स्टन यांनीं ती पाहिली, आणि १९१८ च्या सुमारास त्या कंपनीच्या '८-१६' ट्रॅक्टरवर असा दांडा बाजारांत आला. यालाच 'पॉवर टेक-ऑफ', थोडक्यांत पी. टी. ओ., म्हणतात. पुढें निरनिराळ्या कारखान्यांचीं यंत्रें एकमेकांना जुळावीं म्हणून त्याची गति ठरविण्यांत आली, व मिनिटास ५४० फेरे हें प्रमाण रूढ झालें.

हा आंकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. पण ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. दांड्याचा परीघ नऊ इंच धरला, तर सदऱ्याची एक बाही अडकतांच सेकंदास जवळजवळ सात फूट कापड त्यावर गुंडाळलें जाईल. हात मागें घेण्याचा विचार मनांत येईपर्यंत हात गेलेला असतो. म्हणूनच या दांड्यावर आवरण बसविण्यांत आलें. तें मोडलें असतां 'उद्यां पाहूं' म्हणून काम चालू ठेवणें हा आळस नव्हे, तो जुगार होय.

दुसरा महत्त्वाचा टप्पा आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांचा. नांगर खडकाला अडकला कीं ट्रॅक्टर मागें उलटून चालक चिरडला जाई. तीन ठिकाणीं सांधलेली व तेलाच्या दाबानें उचलली जाणारी त्यांची जोडणी १९३९ सालीं फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर घरोघर पोंचली. तिच्यामुळें यंत्र ट्रॅक्टरचाच अवयव बनलें. पण सोयीबरोबर नवा धोकाही आला. उचललेलें यंत्र तेलावर तोललेलें असतें. नळी फुटली किंवा दांडी चुकून हलली, कीं तें धाडकन् खालीं येतें. म्हणून त्याच्या खालीं शिरण्यापूर्वीं भक्कम ठोकळे लावावे, तेलाच्या दाबावर विसंबूं नये.

१९५१ सालीं अमेरिकेच्या अलाबामा संस्थानांतील सेल्मा येथें 'बुश हॉग' हें यंत्र विक्रीस निघालें. डुकरासारखें झुडपें खातें, या एका शेतकऱ्याच्या उद्गारावरून तें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. लोखंडी छपराखालीं जाड पातीं आडवीं फिरतात. तीं खिळ्यावर सैल बसविलेलीं असतात. बुंधा आडवा आला तर मागें वळतात. त्यांच्या टोंकांचा वेग ताशीं दीडशे मैलांच्या घरांत जातो, आणि खालीं सांपडलेला दगड बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. म्हणून काम चालू असतां आसपास मुलेंमाणसें नसावीं, व पुढची-मागची सांखळ्यांची झालर कधीं काढूं नये.

जुन्या ट्रॅक्टरांत आणखी एक फसवणूक होती. पी. टी. ओ. चा दांडा मुख्य गिअरांशींच जोडलेला असे. चालकानें क्लच दाबला तरी जड पात्यांचा जोर उलट दिशेनें गिअरांत शिरे आणि ट्रॅक्टर पुढेंच ढकलला जाई. कुंपण किंवा ओढा समोर असतां याचा अर्थ काय होई, तें सांगणें नको. यावर उपाय म्हणून एकाच दिशेनें गति देणारी कडी दांड्यावर बसविण्यांत येऊं लागली. कॅनडाच्या कॉकशट कंपनीनें १९४६-४७ च्या सुमारास स्वतंत्र पी. टी. ओ. असलेला ट्रॅक्टर विकण्यास आरंभ केला, तेव्हां पुढील पिढीचा हा धोका कमी झाला. जुना ट्रॅक्टर वापरणाऱ्यास मात्र ती कडी आजही आवश्यक आहे.

यंत्र बिघडतें तेव्हां तें बोलूं लागतें. एकाएकीं थरथर सुटली, तर एखादें पातें तुटलें, वांकलें किंवा त्यास तार गुंडाळली आहे असें समजावें. पातीं नेहमीं जोडीनें बदलावीं व सारख्या वजनाचीं ठेवावीं. एकच बदलल्यानें तोल जातो. इंजिन चालतें पण पातीं थांबतात, तेव्हां बहुधा शिअर बोल्ट तुटलेला असतो. हा बोल्ट मुद्दाम दुबळा केलेला आहे. गिअर वांचावे म्हणून तो आपला बळी देतो. त्याच्या जागीं हाताला सांपडेल तो कठीण बोल्ट ठोकणारा माणूस दोन आण्यांच्या वस्तूसाठीं सबंध गिअर-बॉक्स पणास लावतो. ज्या यंत्रांत बोल्टाऐवजीं घसरता क्लच असतो, तो गंजून जखडला तर संरक्षण नाहींसें होतें, व सतत घसरला तर जळका वास येतो. गिअर-बॉक्समधील तेल व दांड्याच्या सांध्यांचें ग्रीस यांची तपासणी कामास निघण्यापूर्वींच व्हावी.

या सर्वांच्या मुळाशीं एकच क्रम आहे. पी. टी. ओ. सोडावा, यंत्र जमिनीवर टेंकवावें, इंजिन बंद करून किल्ली खिशांत घालावी, आणि पातीं पूर्ण थांबेपर्यंत बसल्या जागेवरून उतरूं नये. कारण इंजिन निजल्यावरही पातीं कांहीं वेळ जागींच असतात. हा क्रम पाळण्यास दोन मिनिटें लागतात. तीं दोन मिनिटें वांचविण्याच्या मोहानें किती घरांतले कर्ते हात गेले, त्याची नोंद यंत्रांच्या इतिहासांत सहसा आढळत नाहीं. ती त्या घरांतच राहते.