कार्यात्मक संप्रेषण प्रशिक्षणानंतरचे प्रबलन-विरलन

कार्यात्मक संप्रेषण प्रशिक्षणात शिकवलेल्या मागणीला मिळणारे प्रबलन टप्प्याटप्प्याने कमी करत रोजच्या व्यवहारात निभेल इतपत आणण्याची वर्तन विश्लेषणातील पद्धत. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या व प्रौढांच्या उपचारात ती वापरतात.

मूळ प्रशिक्षण एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी 1985 मध्ये मांडले. डोके आपटणे, चावणे, वस्तू फेकणे यांतून मुलाला बहुधा काहीतरी मिळत असते किंवा टळत असते. ते काय हे आधी शोधायचे, तेच मागण्यासाठी शब्द, खूण किंवा चित्रकार्ड शिकवायचे आणि जुन्या वर्तनातून ते मिळू द्यायचे नाही. सुरुवातीला प्रत्येक मागणी ताबडतोब पुरवावी लागते, नाहीतर नवी सवय रुजत नाही.

घरात मात्र हे फार दिवस चालत नाही. माधवनगरातल्या एखाद्या घरी आईने जवळ यावे म्हणून डोके आपटणारे मूल आता ‘आई, ये’ असे कार्ड हातात ठेवू लागले, असे समजू. कार्ड मिनिटामिनिटाला येते, आणि तव्यावर भाकरी असताना आईला उठता येत नाही. कार्डाचा उपयोग होत नाही असे काही वेळा घडले की मूल ते देणे सोडते आणि डोके आपटणे परत सुरू होते. या परतण्याला पुनरुद्भव म्हणतात.

‘थांब’ म्हणून प्रतीक्षा वाढवत नेणे हा सर्वांना सुचणारा उपाय, पण तोच सर्वांत कच्चा. विलंब लांबला की मागणी आणि तिचे फळ यांतला धागा तुटतो. ग्रेगरी हॅन्ली, ब्रायन आयवाटा आणि रेचेल थॉम्पसन यांनी 2001 मध्ये वेगवेगळ्या वेळापत्रकांची तुलना केली, तेव्हा बहुविध वेळापत्रक उजवे ठरले. यात मागणी कधी पुरी होईल आणि कधी नाही, हे दिसेल अशा खुणेने सांगितले जाते. आईच्या मनगटावर हिरवी पट्टी असेल तेव्हा कार्ड दिले की ती लगेच येते; लाल पट्टी असेल तेव्हा येत नाही. लाल वेळ आरंभी काही सेकंदांची असते. समस्या-वर्तन कमी राहिले तरच ती वाढवतात, बिघडले तर एक पायरी मागे येतात. हॅन्ली यांच्या अभ्यासात अखेर 1 मिनिट मागणीचे आणि 4 मिनिटे प्रतीक्षेची, इथवर मजल गेली. प्रतीक्षेत आवडीचे खेळणे हाताशी दिल्यास ती सुसह्य होते.

काम टाळण्यासाठी होणाऱ्या वर्तनाला शृंखला-वेळापत्रक लावतात: आधी एक काम, मग सुट्टीची मागणी मान्य, पुढे दोन कामे, मग अधिक.

एकत्र कुटुंबात ही घडी सहज मोडते. लाल पट्टी असताना मूल रडले म्हणून आजी धावत आली, तर लाल रंगाला अर्थ उरत नाही. म्हणून आजी-आजोबांसह घरातल्या प्रत्येकाला हे शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे. ते राहून गेले तर दोष मुलाला देता येत नाही. पाणी, शौचास जाणे आणि दुखते आहे हे सांगणे या मागण्यांना मात्र विरलन कधीच लावायचे नसते. त्या लाल पट्टीतही लगेच पुऱ्या कराव्या लागतात.