पटव्यांच्या हवेल्या आणि माळव्याची अफू

जैसलमेरला गेलेला मराठी प्रवासी ‘पटवों की हवेली’ पाहतो, नक्षीचे फोटो काढतो आणि किल्ल्याकडे वळतो. ही एक हवेली नसून एकाच गल्लीत उभ्या असलेल्या पाच हवेल्या आहेत, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. व्यापाऱ्यांची जुनी घरे अभ्यासताना मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारतो : एवढा पैसा आला कुठून? इथे त्याचे उत्तर शोधू लागलो आणि वाळवंटातून थेट शिंदे-होळकरांच्या माळव्यात पोहोचलो.

घराणे ओसवाल जैन, आडनाव बाफना. सोन्या-चांदीच्या तारेच्या, जरीच्या व्यापारामुळे ‘पटवा’ हे नाव पडले. आपला ‘पटवेकरी’ त्याच शब्दाचा भाऊबंद. गुमानचंद यांच्या काळात, १८०५ च्या सुमारास, पहिली हवेली उभी राहू लागली. पाच मुलांच्या पाच हवेल्या पुऱ्या व्हायला पुढची कित्येक दशके लागली. मुलांपैकी जोरावरमल यांची पेढी इंदूरला होती. १८१८ मध्ये मेवाडची विस्कटलेली घडी बसवताना कर्नल जेम्स टॉडच्या सल्ल्याने महाराणा भीमसिंहांनी त्यांना उदयपूरला बोलावले. याच घराण्यातले सर सिरेमल बापना पुढे होळकरांच्या इंदूर संस्थानचे पंतप्रधान झाले.

जरीच्या जोडीला सावकारी होती, हुंडी होती आणि अफूही होती. माळव्याची अफू चीनला जाई. कंपनी सरकारला आपल्या बंगाली अफूशी स्पर्धा नको होती, म्हणून त्याने मुंबईची वाट अडवली. व्यापाऱ्यांनी दुसरी काढली : पाली, जैसलमेर, सिंधमधून कराची आणि तिथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांचे दमण. १८३० मध्ये कंपनीने मुंबईसाठी पैसे घेऊन परवाने देणे सुरू केले, तरी उंटांचे तांडे चालतच राहिले. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांकडे गेला आणि ती वाट बंद झाली. १८४७ पर्यंत परवान्याचा दर पेटीमागे ४०० रुपयांवर पोहोचला.

आता हवेलीकडे पाहू. आपल्या वाड्याची श्रीमंती दिंडी दरवाजाच्या आत, चौकातल्या सागवानी खांबांवर दिसते. रस्त्याकडची भिंत बहुधा साधी. इथे सारा खर्च रस्त्याकडच्या बाजूवर आहे. उंच जोते, त्यावर मजल्यांमागून मजले, पुढे आलेले झरोके, बारीक जाळ्या. झरोक्यांची सावली भिंतीवर पडते, अरुंद गल्लीत ऊन कमी उतरते, जाळीतून वारा खेळतो. हा उपयोग झालाच. पण माझ्या मते दुसरे कारण पेढीचे आहे. हुंडी म्हणजे कागदाचा चिटोरा. परगावी तो वटतो तो पेढीच्या पतीवर. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला ही पत डोळ्यांनी दिसावी, अशी ही भिंत आहे.

बांधणीही मुद्दाम पाहण्यासारखी. पिवळा दगड आधी खाली घडवायचा, मग खाचा आणि लोखंडी पकडींनी एकमेकांत बसवायचा. चुन्याची गरज फारशी नाही. छताला लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. म्हणून उन्हाळ्यातही आत गारवा राहतो.

अफूचा विषय काढला की सुंदर वास्तूला गालबोट कशाला, असे म्हणतात. मला ते पटत नाही. खसखशीच्या बोंडाला चिरे देणारा माळव्यातला शेतकरी आणि चीनमधला व्यसनी, दोघांचेही या नक्षीत देणे आहे. ते वगळले तर हाती उरते ती नुसती शोभा, इतिहास नव्हे.

आणखी एक देणे सिलावटांचे. जैन सावकारांच्या या शहरात दगड घडवणारे हे कारागीर मुसलमान. पुढे कराची वाढू लागली तेव्हा त्यांच्यातली अनेक कुटुंबे तिकडे गेली आणि तिथल्या इमारतींवर त्यांचा हात फिरला. अफूची वाट बंद झाली. त्याच दिशेने छिन्नी-हातोडा मात्र जात राहिला.