प्रस्तावना : दोन रंगांचा प्रश्न

कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात, हे गणिताशी फारसा संबंध नसलेल्यांच्याही कानावर आलेले असते. तिथली अडचण दोघांपुरती असते : एक प्रदेश आणि त्याचा शेजारी. या पुस्तकातली अडचण गटांची आहे. काही वस्तू घ्या, त्यांचे काही गट करा. एकच वस्तू अनेक गटांत आली तरी चालेल. आता प्रत्येक वस्तूला लाल किंवा निळा रंग द्या. अट एवढीच, की एकही गट सगळाच्या सगळा एका रंगाचा होता कामा नये. वस्तू आणि त्यांचे गट मिळून होणाऱ्या रचनेला हायपरग्राफ म्हणतात. क्लोद बेर्ज यांच्या १९७० सालच्या फ्रेंच ग्रंथाने या रचनांना गणितात स्वतःचे घर मिळवून दिले.

गट दोन-दोन वस्तूंचे असतील तर काम सोपे आहे. एका वस्तूला लाल रंग द्या, तिच्या जोडीदारांना निळा, त्यांच्या जोडीदारांना पुन्हा लाल. वाटेत कुठे विसंगती आली तर रंगवणे अशक्य, नाही आली तर काम झाले. गट तीन-तीनांचे झाले की ही सोय संपते. रंगवता येईल की नाही, एवढेच ठरवणे एनपी-पूर्ण आहे, हे लास्लो लोवास यांनी १९७३ मध्ये दाखवले. म्हणजे ते ठरवण्याची झटपट रीत कोणालाही ठाऊक नाही, आणि कधी सापडलीच तर संगणकशास्त्रातले असंख्य अवघड प्रश्न तिच्याबरोबरच सुटतील. दोनावरून तीनावर जाताना एवढी दरी पडावी, हेच मला या विषयाचे खरे आकर्षण वाटते.

असे रंगवता येणे म्हणजे ‘गुणधर्म बी’ असणे. यातला ‘बी’ फेलिक्स बर्नस्टाइन यांच्या आडनावाचा. १९६०च्या दशकाच्या आरंभी पॉल एर्दोश आणि आंद्राश हायनाल यांनी या गुणधर्माचा संख्येशी मेळ घातला : सगळे गट सारख्या आकाराचे असतील, तर रंगवणे अशक्य करायला कमीत कमी किती गट लागतात? जोड्यांसाठी उत्तर ३, त्रिकुटांसाठी ७. चार-चारांच्या गटांसाठी २३. त्यातही २३ गटांचे उदाहरण १९७०च्या दशकातच हाती होते, पण २२ गट पुरत नाहीत हे पात्रिक ऑस्टरगार्ड यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केले ते २०१४ मध्ये. पाच-पाचांच्या गटांसाठी नेमका आकडा आजही माहीत नाही.

मग दहा-दहांच्या गटांविषयी काय बोलणार? एर्दोश यांनी १९६३ मध्ये जे सांगितले ते दोन ओळींत मावते. प्रत्येक वस्तूसाठी नाणे उडवा. छापा आला तर लाल, काटा आला तर निळा. दहाचा एखादा गट एकरंगी निघण्याची संभाव्यता ५१२ मध्ये १. गट ५११ किंवा त्याहून कमी असतील, तर निदान एक गट बिघडण्याची संभाव्यता १ पेक्षा कमीच राहते. अर्थात एकही गट न बिघडवणारी रंगवणी असलीच पाहिजे. ती कोणती, हे मात्र युक्तिवाद सांगत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला यात काहीतरी हातचलाखी वाटते. ती नाही, हा शुद्ध मोजणीचा हिशेब आहे, आणि पुढची जवळजवळ सगळी प्रकरणे त्याच्याच खांद्यावर उभी आहेत.

पुढच्या वर्षी एर्दोश यांनी दुसरी बाजूही बांधली : गटाच्या आकाराइतक्या वेळा २ चा गुणाकार करा, त्याला आकाराच्या वर्गाने गुणा, साधारण तेवढ्या गटांत रंगवणे अशक्य करता येते. खालची मर्यादा वर सरकवण्याचे काम योझेफ बेक यांनी १९७०च्या दशकात पुढे नेले. त्यानंतरची मोठी झेप २००० सालची, आणि तिचा एक धागा मुंबईचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जयकुमार राधाकृष्णन यांनी अरविंद श्रीनिवासन यांच्यासह आधी नाणेफेकीने रंगवले, मग यादृच्छिक क्रमाने एकेका वस्तूपाशी जाऊन, तिचा एखादा गट अजूनही एकरंगी असेल तरच तिचा रंग बदलायचा की नाही हे पुन्हा दैवावर सोडले. एवढ्या बदलाने, लॉगरिदमचा किरकोळ भाग सोडता, आकाराच्या वर्गमुळाइतका जादा गुणक हाती आला. दानिला चेर्काशिन आणि याकुब कोझिक यांनी २०१५ मध्ये तीच मर्यादा इतक्या थोडक्यात सिद्ध केली, की या पुस्तकात त्यांचीच सिद्धता घेतली आहे. वर्ग आणि वर्गमूळ यांच्यामधली जागा अजून मोकळी आहे. खरे उत्तर आकाराच्या पहिल्या घाताशी असावे, असा एर्दोश आणि लोवास यांचा कयास होता.

याच दोघांनी १९७५ मध्ये ‘स्थानिक प्रमेयक’ दिले. गट लाखो असोत. दहा-दहांचा प्रत्येक गट इतर १२८ पेक्षा जास्त गटांना शिवत नसेल तर रंगवणे शक्यच आहे. ते रंग प्रत्यक्ष शोधायचे कसे, हे रोबिन मोझर आणि गाबोर तार्दोश यांनी २०१० मध्ये जवळजवळ लाजवेल इतक्या सोप्या रीतीने दाखवले : एकरंगी गट दिसला की त्याच्याच वस्तूंची नाणी पुन्हा उडवा, आणि सगळे नीट होईपर्यंत थांबू नका. एर्दोश, फेबर आणि लोवास यांच्या, हायपरग्राफ रंगवण्याविषयीच्याच १९७२ सालच्या अटकळीला मात्र मी एकच प्रकरण दिले आहे. एर्दोश यांनी तिच्यावर आधी ५० आणि पुढे ५०० डॉलर लावले होते. पुरेशा मोठ्या संख्यांसाठी ती खरी असल्याची सिद्धता २०२१ मध्ये जाहीर झाली. ती लांब आणि अवघड आहे, इथे तिचा केवळ आराखडा सापडेल.

वाचकाकडून बारावीपर्यंतची संभाव्यता आणि थोडी चिकाटी, एवढीच अपेक्षा आहे. व्याख्यांचे प्रकरण कंटाळवाणे आहे, ते चाळून सोडले तरी बिघडत नाही. पण त्याआधी कागद-पेन्सिल घेऊन १ ते ७ हे आकडे लिहा आणि १२३, १४५, १६७, २४६, २५७, ३४७, ३५६ ही सात त्रिकुटे दोन रंगांत रंगवून पाहा. जमणार नाही. त्यातले कोणतेही एक काढून टाका, लगेच जमेल. असे का होते, ते स्वतः शोधा आणि मगच पान उलटा.