पारसीबागान ते तिलजला : मनोविश्लेषणाच्या एका भारतीय उपयोजनाचा इतिहास

मानसशास्त्रीय सिद्धांताचे ‘उपयोजन’ असा शब्दप्रयोग केला जातो, तेव्हा त्यामागे एक चित्र गृहीत धरलेले असते. सिद्धांत कुठेतरी आधीच पूर्ण झालेला आहे, रुग्ण दुसरीकडे वाट पाहत आहे आणि चिकित्सकाने पहिला दुसऱ्याला लागू करायचा आहे, असे ते चित्र. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ते ओळखीचे वाटेल, कारण भाषांतराविषयीही दीर्घकाळ अशीच समजूत होती : मूळ संहिता अविचल आणि स्वीकारणारी भाषा केवळ ग्रहणशील. मनोविश्लेषण भारतात आले त्याचा इतिहास या समजुतीच्या विरोधात साक्ष देतो. ही साक्ष मुख्यतः कलकत्त्यातील एका घरात आणि पुढे त्या शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका लहान रुग्णालयात सापडते.

गिरीन्द्रशेखर बसू यांचा जन्म 1887 सालचा. वडील चंद्रशेखर हे दरभंगा संस्थानात दिवाण होते. गिरीन्द्रशेखरांनी 1910 मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि व्यवसाय सुरू केला. जादूचे खेळ आणि संमोहन यांचा नाद त्यांना तरुणपणापासून होता. ही बाब चरित्रकार गमतीखातर नोंदवतात, परंतु तिला त्याहून अधिक महत्त्व द्यायला हवे. पुढे त्यांच्या उपचारपद्धतीत चिकित्सकाची जी सक्रिय, काहीशी सूचक भूमिका दिसते, तिचे मूळ व्हिएन्नापेक्षा या संमोहनात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. फ्रॉइडचे ग्रंथ तेव्हा इंग्रजीत नुकतेच येऊ लागले होते. गिरीन्द्रशेखरांनी मनोरुग्णांवरील उपचारांना आरंभ केला तो या तुटपुंज्या सामग्रीवर आणि स्वतःच्या निरीक्षणावर. कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. वैद्यकी चालू असतानाच त्यांनी त्या विषयाची एम.ए. पदवी मिळवली, आणि 1921 मध्ये ‘कन्सेप्ट ऑफ रिप्रेशन’ या प्रबंधावर डी.एस्‌सी. संपादन केली.

प्रबंधाची प्रत त्यांनी फ्रॉइडकडे पाठवली आणि त्याच वर्षी फ्रॉइडचे उत्तर आले. इतक्या दूरच्या देशात आपल्या विचाराला अनुयायी मिळाल्याचा आनंद व्हिएन्नाला झाला, हे उघड आहे. मात्र ‘अनुयायी’ हा शब्द या पत्रव्यवहाराला पुरेसा लागू पडत नाही. 1922 मध्ये 14, पारसीबागान लेन या बसूंच्या घरी ‘इंडियन सायकोअ‍ॅनॅलिटिकल सोसायटी’ स्थापन झाली व आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न झाली. त्याच सुमारास गिरीन्द्रशेखरांनी फ्रॉइडला एक चित्र भेट पाठवले. चित्रकार होते जतीन्द्रकुमार सेन. त्यांनी फ्रॉइडला पाहिले नव्हते, त्याचे छायाचित्रही पाहिले नव्हते. केवळ ग्रंथांवरून या मनुष्याचा चेहरा कसा असेल, याची कल्पना करून त्यांनी ते काढले होते. चित्रातला आपण अगदी इंग्रज गृहस्थ दिसतो, असे फ्रॉइडने लू आंद्रेआस-सालोमे हिला मिश्कीलपणे कळवले. वसाहतीत पाश्चात्त्य ज्ञान ज्या भाषेतून येत होते, त्या भाषेचाच चेहरा ज्ञात्याला मिळावा, याहून बोलके उदाहरण सांस्कृतिक संक्रमणाच्या अभ्यासकाला क्वचितच लाभेल.

जतीन्द्रकुमार हे ‘परशुराम’ यांच्या कथांचे चित्रकार होते, आणि परशुराम म्हणजे गिरीन्द्रशेखरांचे वडील बंधू राजशेखर बसू. बंगाली विनोदी कथेतील त्यांचे स्थान, तसेच त्यांचा ‘चलन्तिका’ हा शब्दकोश सुपरिचित आहे. त्यांच्या ‘चिकित्सा-संकट’ या कथेत एका सुखवस्तू गृहस्थाला किरकोळ अपघातानंतर मित्रमंडळी एकामागून एक वैद्यांकडे पाठवतात. डॉक्टर, होमिओपॅथ, कविराज, हकीम असे सारे भेटतात, आणि प्रत्येक जण आपापल्या शास्त्राच्या परिभाषेत त्याला नवा रोग बहाल करतो. एकाच घरात एक भाऊ चिकित्सेचा सिद्धांत रचत होता आणि दुसरा चिकित्सकाच्या परिभाषेची टिंगल करत होता. या दोन्ही व्यवहारांना एकमेकांपासून वेगळे ठेवून बंगाली मनोविश्लेषणाचा इतिहास लिहिला गेला आहे, हे त्या इतिहासलेखनाचे वैगुण्य होय. रोगाला नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न राजशेखरांनी हसत विचारला. गिरीन्द्रशेखरांना तो रुग्णासमोर बसून सोडवायचा होता.

त्यांचे उत्तर म्हणजे परस्परविरोधी इच्छांचा सिद्धांत. मनात उमटणाऱ्या प्रत्येक इच्छेबरोबर तिची विरुद्ध इच्छा नेणिवेत जन्म घेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मारण्याच्या इच्छेसोबत मार खाण्याची, प्रेम करण्याच्या इच्छेसोबत प्रेम करवून घेण्याची इच्छा असते. दोन्ही एकाच वेळी पूर्ण होणे अशक्य असल्याने एकीचे दमन होते. म्हणजे दमनाचे कारण बाहेरच्या धाकात शोधावे लागत नाही. ते इच्छेच्या रचनेतच आहे. यातून त्यांची उपचारपद्धती निघाली. रुग्णाला एकदा कर्त्याच्या आणि एकदा कर्माच्या जागी स्वतःला कल्पायला लावायचे, मुलाच्या आणि बापाच्या भूमिकांमध्ये त्याला मागेपुढे हेलकावू द्यायचे, आणि दडपलेली विरुद्ध इच्छा अशा रीतीने जाणिवेत आणायची. मुलांच्या ‘सी-सॉ’ या खेळावरून या पद्धतीला नाव मिळाले. फ्रॉइडचा विश्लेषक रुग्णाच्या मुक्त बोलण्याची वाट पाहतो. गिरीन्द्रशेखरांचा चिकित्सक त्याला पुढची जागा दाखवतो. या नात्यात गुरु-शिष्य संबंधाची छाया आहे, असे पुढे सुधीर कक्कर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

मतभेदाचा खरा मुद्दा 1929 च्या पत्रव्यवहारात येतो. ईडिपस गंडावरील आपले लेख पाठवताना गिरीन्द्रशेखरांनी कळवले, की युरोपीय रुग्णांत लिंगच्छेदाच्या भयाची लक्षणे जितकी ठळक दिसतात, तितकी ती भारतीय रुग्णांत दिसत नाहीत. उलट, स्त्री होण्याची इच्छा भारतीय पुरुष-रुग्णांत अधिक सहजतेने उघड होते. हे विधान नीट वाचले पाहिजे. फ्रॉइड चुकला, असे ते म्हणत नाहीत आणि भारतीय मन निराळे, असा गूढवादी दावाही करत नाहीत. उपचाराच्या खोलीत काय ऐकू आले, एवढेच ते सांगतात, आणि तेवढ्याने सार्वत्रिक म्हणवणाऱ्या सिद्धांताला युरोपचा पत्ता चिकटतो. फ्रॉइडने सौजन्याने आपला आग्रह कायम ठेवला. विरोधी इच्छांच्या अस्तित्वाकडे मनोविश्लेषणाचे दुर्लक्ष झाले, हे मात्र त्याने 1933 मधील पत्रात मान्य केले. दरम्यान 1931 मध्ये त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त सोसायटीने पाठवलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती त्याच्या टेबलावर विराजमान झाली होती. मूर्तीला टेबलावर जागा मिळाली. प्रमेयाला ग्रंथात मिळाली नाही.

त्याच वर्षांत, त्याच सोसायटीच्या सदस्यांकडून त्याच सिद्धांताचे एक अगदी वेगळे उपयोजन होत होते. ओवेन बर्कली-हिल हे रांचीजवळील युरोपीयांसाठीच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते. रुग्णालयाची व्यवस्था सुधारण्यात त्यांचा वाटा मोठा होता. परंतु 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव या सर्वांचा उलगडा गुदकामुकतेच्या एका सूत्राने करून टाकला. दुसरे लष्करी अधिकारी क्लॉड डेली यांनी 1927 मध्ये हिंदू पुराणकथांना लिंगच्छेद गंडाच्या चौकटीत बसवले. क्रिस्टिआने हार्टनाक यांनी या लेखनातील वासाहतिक दृष्टीची विस्तृत चिकित्सा केली आहे. येथे नोंदवायचे ते इतकेच, की रांचीच्या वॉर्डात रुग्ण युरोपीय होते, आणि हिंदूंना रुग्ण बनवले गेले ते निबंधात. गिरीन्द्रशेखरांना व्यक्ती भेटत होत्या. बर्कली-हिल यांना लेखनात जमात पुरत होती. सिद्धांत एक असूनही एकीकडे त्याच्यामुळे ऐकण्याची सोय झाली आणि दुसरीकडे ऐकण्याची गरजच उरली नाही.

तिलजला येथे 1940 मध्ये लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय सुरू झाले. जागा राजशेखरांनी दिलेली होती आणि आरंभी खाटा केवळ तीन होत्या. सरकारी वेड्यांच्या इस्पितळांची ख्याती कोंडवाड्यांची असताना, बोलणे हा उपचार मानणाऱ्या संस्थेने स्वतःचे रुग्णालय काढावे ही लहान गोष्ट नव्हती. 1947 पासून ‘समीक्षा’ हे सोसायटीचे नियतकालिक निघू लागले. त्याचे नाव संस्कृत आणि भाषा इंग्रजी होती. या द्विभाषिकतेची किंमत मोजावी लागली. गिरीन्द्रशेखर बंगालीत ‘स्वप्न’ हा ग्रंथ लिहीत होते, पुराणांवर आणि गीतेवर लिहीत होते, मुलांसाठी ‘लाल कालो’ लिहीत होते. परंतु रुग्णवृत्तांत आंतरराष्ट्रीय वाचकांपुढे ठेवताना त्यांनी इंग्रजी वापरली. बंगाली रुग्णाचे अडखळणे, म्हण, शिवी, नातेवाचक संबोधन हे सारे इच्छा आणि विरुद्ध इच्छा यांच्या स्वच्छ जोडीत रूपांतरित होऊन पुढे गेले. बापाला ‘बाबा’ म्हणणारा आणि ‘फादर’ असे नोंदला जाणारा माणूस एकच नव्हे, हे भाषांतराच्या अभ्यासकाला सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी मर्यादा सिद्धांताच्या गाभ्यातील आहे. दमनाचे कारण इच्छेच्या रचनेतच शोधल्यामुळे व्हिएन्नाच्या पितृसत्तेपासून सुटका झाली खरी. पण त्याबरोबर बाहेरचे जगही अंधुक झाले. लुंबिनी पार्कच्या पहिल्या दशकात 1943 चा दुष्काळ, 1946 च्या दंगली आणि फाळणी येते. उपासमारीची विरुद्ध इच्छा कोणती, असा प्रश्न केला तर हा सिद्धांत निरुत्तर होतो. आशिष नंदी यांनी ‘द सॅव्हेज फ्रॉइड’मध्ये गिरीन्द्रशेखरांच्या कार्याचे जे सहानुभूतिपूर्ण आणि तरीही कठोर वाचन केले आहे, ते या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे.

मराठीत या विचाराचा प्रवेश वेगळ्या दाराने झाला. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (1942) या संज्ञाप्रवाही कादंबरीने नेणिवेला गद्यात वाट दिली, समीक्षेने फ्रॉइडचा उपयोग पात्रांच्या उकलीसाठी केला, आणि अ‍ॅडलरचा ‘न्यूनगंड’ तर शाळकरी मुलाच्या तोंडीही रुळला. ज्या भाषेत शब्द इतके सहज रुजले, तिच्या प्रदेशात कलकत्त्यासारखी उपचारपरंपरा मात्र त्या शब्दांभोवती उभी राहिली नाही. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी 1960 च्या दशकात मनोविकारांवर उपचार योजले, त्यांचा आधार पतंजलीची योगसूत्रे हा होता.

वाहियांचा प्रयत्न एकाकी नव्हता. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्याजवळ राहू दिले. खाटांची टंचाई हे त्यामागचे एक कारण होते, परंतु कुटुंब हा रोगाचा उगम नसून उपचाराचा भागीदार आहे, ही धारणा त्यातून देशभर पसरली. फ्रॉइडच्या बंद खोलीला दिलेले इतके परिणामकारक उत्तर कोणत्याही प्रबंधाने दिलेले नाही. जसवंत सिंह नेकी यांनी 1973 मध्ये गुरु-चेला संबंधाला उपचाराचा नमुना मानता येईल काय, अशी मांडणी केली, आणि परावलंबन म्हणजे विकृती या पाश्चात्त्य गृहीतकाला 1976 च्या निबंधात हरकत घेतली. गिरीन्द्रशेखरांच्या पद्धतीत जे अबोधपणे शिरले होते, ते नेकींनी नाव घेऊन मांडले. नेकी पंजाबीतले मान्यवर कवी होते. 1979 चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांना कवितेसाठी मिळाला. हे दोन्ही निबंध इंग्रजी नियतकालिकांत आहेत आणि कविता पंजाबीत. मनोचिकित्सेचे इतिहासकार पहिले वाचतात, पंजाबी साहित्याचे अभ्यासक दुसरी. पारसीबागानच्या दोन भावांची जी फारकत इतिहासाने केली, ती येथे एकाच माणसाच्या वाट्याला आली आहे.